कप्तानसाहेबांची घसरगाडी

अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचा राग करू नये, असं माझा नवरा म्हणतो. तो जहाजावर चीफ इंजिनिअर होता, इंजिन सोडून त्याला कशाचाच राग येत नसे. पण मी त्या माणसाची चौदा पत्रं सात महिने वाचली आहेत. त्याच्या केसांच्या पावडरीपासून दुखऱ्या दाढेपर्यंत सगळं मला पाठ आहे. तेव्हा त्याला नावं ठेवायचा हक्क मी कष्टाने कमावलेला आहे, आणि या दिवाळी अंकात तो बजावणार आहे.

मी फ्रेंचची भाषांतरकार. पुण्यात शिकले, तिथेच पंधरा वर्षं शिकवलं, आणि नवऱ्याची बोट बहुतेक वेळा सिंगापूरहून सुटायची म्हणून तिकडे नोकरी शोधली. तांजोंग पगारमध्ये एका जुन्या शॉपहाउसच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली कोरियन बार्बेक्यू. साडेअकरा वाजले की माझी साडी आणि माझे शब्दकोश दोन्हींना भाजलेल्या मांसाचा वास लागायचा. मालक मिस्टर कोह. त्यांना फ्रेंच येत नव्हतं, जपानी येत नव्हतं, जर्मन येत नव्हतं, आणि या तिन्ही भाषांची कामं ते फोनवर बिनधास्त घ्यायचे.

भाषांतरकार म्हटलं की आपल्याकडे लोकांना कादंबऱ्या आठवतात. मी आयुष्यात एकही कादंबरी भाषांतरित केलेली नाही. आमचं काम दाखल्यांचं. जन्म, लग्न, घटस्फोट, ड्रायव्हिंग लायसन्स, कधी एखादं मृत्युपत्र. फ्रेंच माणूस सिंगापूरला बदलून आला की त्याच्या कागदांचं इंग्रजी करायचं आणि खाली एक ओळ लिहायची, की हे भाषांतर मूळ कागदाशी तंतोतंत जुळतं. मग माझी सही आणि कंपनीचा गोल शिक्का. गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या एका ओळीसाठी. मूळ कागदात चूक असेल तर ती चूकसुद्धा जशीच्या तशी इंग्रजीत न्यायची, सुधारायची नाही.

गिऱ्हाइकांना नेमकं हेच नको असतं. एक शेफ आले होते, त्यांच्या प्रमाणपत्रावर 'सहायक' असं लिहिलेलं. तेवढा शब्द गाळा म्हणाले. मी नाही म्हटलं तर मला सरकारी कारकून म्हणून गेले आणि वर्षभरात त्यांनी स्वतःचं रेस्टॉरंट काढलं. दुसरी एक बाई, तिच्या मांजरीचं लसीकरणाचं पुस्तक घेऊन आली. त्यात पॅरिसच्या डॉक्टरने शेरा मारला होता, 'चावते'. बाई मला अर्धा तास पटवत होती की हा शेरा वैद्यकीय नसून वैयक्तिक आहे. मी 'चावते' लिहिलं. मांजर आली सिंगापुरात आणि चावत असेल अजून. सांगायचा मुद्दा एवढाच की मी कधी काही गाळलं नाही आणि कधी पदरचं घातलं नाही. या गोष्टीचा मला भयंकर अभिमान होता. पुणेरी माणसाला अभिमान लागतोच, मला हा पुरत होता.

माझ्या शेजारच्या टेबलावर आयरीन बसायची. आयरीन तिथलीच, सिंगापूरची चिनी. वय साठीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, बुकित बातोकला सरकारी वसाहतीतल्या फ्लॅटमध्ये एकटी राहायची. मीही बुकित बातोकलाच भाड्याने राहायचे, त्यामुळे घरी जाताना एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, आम्ही बरोबर. तरुणपणी ती छापखान्यात प्रूफं तपासायची. छापखाना बंद पडला तेव्हा कोहनी तिला उचललं. ऑफिसातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद तिच्या नजरेखालून जायचा. तिला इंग्रजी आणि चिनी येत असे. फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता, आणि तरीही माझ्या फ्रेंच उताऱ्यातल्या चुका ती पकडायची. मूळ कागदाशेजारी माझा कागद ठेवून अक्षरावर अक्षर ताडून बघायची. पहिल्यांदा तिने माझी अशी चूक दाखवली तेव्हा मी मनातून चडफडले होते. ज्या भाषेत मी सुवर्णपदक घेतलं, त्या भाषेत ही मला शिकवणार.

तर एक दिवस एक फ्रेंच बँकर आले. नाव लिहीत नाही, कारण त्यांना चांगले वकील परवडतात. आम्ही ऑफिसात त्यांना 'काउंट' म्हणायचो, ते स्वतःला साधारण तसंच समजायचे. श्रीमंत लोकांचे पैसे सांभाळायचं त्यांचं काम. सिंगापुरात नऊ वर्षं काढलेली आणि हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे तिथल्या स्वस्त खाऊगल्लीत, एकदाही जेवलेले नाहीत, हे त्यांनी आम्हाला फुशारकीने सांगितलं. त्यांच्याकडे घराण्याची चौदा जुनी पत्रं होती. त्यांचा कोणी पूर्वज फ्रान्सच्या पलटणीत कप्तान होता आणि युद्धाच्या काळात कॅनडात होता. वडिलांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला या पत्रांचं पुस्तक छापायचं होतं, आणि तेही इंग्रजीत, कारण नातवंडं इंग्रजी शाळांत शिकलेली. फ्रेंच घराण्याचा अभिमान फ्रेंचमध्ये वाचता येणारं नव्या पिढीत कोणी उरलं नव्हतं.

वाचकांसाठी दोन शब्द सांगते. त्या काळी कॅनडाचा मोठा भाग फ्रान्सच्या राजाकडे होता. इंग्रजांशी लढाई जुंपली तेव्हा राजाने समुद्रापलीकडे पलटणी धाडल्या. तिथे अधिकारी झाले दोन जातींचे. एक फ्रान्सहून आलेले, खानदानी, छाताडावर राजाचं पदक मिळवून परत जायची घाई झालेले. दुसरे तिथेच जन्मलेले, वसाहतीच्या फौजेतले, ज्यांना जंगल, नद्या आणि बर्फ घरच्या अंगणाइतकं माहीत. पहिल्यांना दुसऱ्यांचा तिरस्कार. हे लोक झाडाआडून लढतात, यांना रांगेत उभं राहता येत नाही, यांना शिस्त नाही. पुढे क्वेबेकच्या तटाबाहेर हे शिस्तीचे लोक रांगेत उभे राहिले आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत हरले, ती गोष्ट वेगळी.

पत्रं मिस्टर कोहनी आपल्या कॅमेऱ्यांच्या ड्राय कॅबिनेटमध्ये ठेवली. सिंगापूरच्या दमट हवेत लेन्सला बुरशी येते, म्हणून हौशी लोक असं विजेवर चालणारं कपाट बाळगतात. तिथून मी रोज एक पान काढायचे, हात कोरडे करून वाचायचे आणि कप्तानसाहेबांना शिव्या द्यायचे.

काय काय लिहिलं होतं म्हणून सांगू. ज्या शेतकऱ्याच्या घरी त्याची राहायची सोय केली होती, तिथली बाई त्याला खारवलेले वाम मासे वाढते, याची तक्रार पाच पत्रांत. रेशमी मोजे पाठवा. केसांची पावडर पाठवा, इथली जाडीभरडी असते. आईने अमुक सरदारीणबाईंच्या कानावर घालावं आणि मला परत बोलवून घ्यावं. हिवाळ्यात शहरात धान्य संपलं, रोजचा पाव मोजून मिळायला लागला, गोरगरिबांना घोड्याचं मांस दिलं तेव्हा बाया रस्त्यावर आल्या. त्यावर कप्तानसाहेबांचं मत असं की या बायांना नखरे फार, आमच्या आचाऱ्याने त्याच मांसाचे किती प्रकार केले होते. हे पत्र त्याने नाचाच्या समारंभाहून आल्यावर लिहिलं आहे. तीन हिवाळे तो त्या घरात राहिला आणि रोज सकाळी त्याची शेकोटी पेटवणाऱ्या माणसाचं नाव एकाही पत्रात नाही.

मी हे घरी सांगायचे तेव्हा माझी मुलगी सई हसायची. ती तेव्हा ज्युनिअर कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती, इंग्रजीतच उत्तर द्यायची. एकदा शेवटी तिथला 'लाह' लावून म्हणाली, "आई, धिस कप्तान साउंड्स लाइक युवर पॉटलक फ्रेंड्स, लाह." मला राग आला, पण खोटं काय होतं त्यात. आपली मंडळी आपापला डबा घेऊन जेवायला जमली की पहिला विषय इथल्या लोकांना चव नाही. दुसरा विषय इथल्या लोकांना बोलता येत नाही. तिसरा, बॉसला आपल्याशिवाय जमत नाही. नोकरीच्या पासवर तिथे पाच वर्षं काढलेली, आणि शेजारच्या दाराआड कोण राहतं ते ठाऊक नाही. नाकाने कांदे सोलायला फ्रेंचच असावं लागतं असं नाही.

सातव्या पत्रात मोठी मोहीम होती. भर हिवाळ्यात कप्तानाची तुकडी एका लांबच्या ठाण्यावरून माघारी आली, गोठलेल्या नदीवरून, नऊ दिवस, आणि एकही माणूस न गमावता. त्याबद्दल त्याला पदक मिळालं. त्याने वरिष्ठांना दिलेल्या अहवालाची नक्कल काउंटकडे होती. 'मी तुकडीच्या पुढे होतो' हे त्यात चार वेळा. काउंटचं सगळं पुस्तक या मोहिमेसाठी होतं, मुखपृष्ठावरसुद्धा बर्फातून चालणारा कप्तान यायचा होता. सातवं पत्र त्याने याच मोहिमेनंतर बहिणीला लिहिलेलं. पण त्यातल्या सात ओळी कोणीतरी जाड काळ्या शाईने खोडून टाकलेल्या. कोणी खोडल्या ते आजही माहीत नाही. बहिणीने, आईने, नाहीतर पुढच्या कोणी वंशाच्या दिव्याने.

मी भिंग घेऊन बसले. अधूनमधून एखादा शब्द दिसत होता. 'पुढे', 'बर्फ', 'काठी', 'मी'. बाकीचं मी लावलं. मला भाषा येत होती, त्या काळची वाक्यं कशी वळतात ते माहीत होतं, अहवाल वाचलेला होता. दिवसभरात सात फ्रेंच ओळी तयार झाल्या. कप्तान काठीने बर्फ चाचपत पुढे चालतो आहे. मी त्याचा मसुदा काउंटना पाठवला. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं, वडील रडले.

दुसऱ्या दिवशी आयरीन माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, तुझ्या ओळी आखूड आहेत, त्याच्या लांब आहेत. तुझी अक्षरं कमी पडतात.

तिने काय केलं ते सांगते, कारण अशी कामाची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिने बुकित बातोकच्या दुकानातून शाळेतल्या मुलांची गणिताची चौकटीची वही आणली. पत्र उलटं धरून खिडकीच्या काचेला लावलं. जुनी शाई कागदात खोल उतरते, मागून तपकिरी दिसते. खोडायची शाई नवी, ती वरवरच राहते. एका चौकटीत एक अक्षर. जे दिसलं नाही ती चौकट रिकामी. अंदाज करायचा नाही. दिवसाला अर्धी ओळ, कधी तेवढीही नाही. मी म्हटलं, अगं मला विचार, मी सांगते पुढचा शब्द काय असेल. तेव्हा ती म्हणाली, "नको. तुला अर्थ कळतो, म्हणून तू त्याला मदत करतेस. मला कळत नाही, म्हणून मी मदत करू शकत नाही."

तीन आठवड्यांनी तिने वही माझ्यापुढे ठेवली. मी वाचायला लागले आणि माझे कान तापले.

'दुसऱ्या दिवसापासून मी घसरगाडीवर होतो. पाय गेले होते. मला एक माणूस ओढत होता, त्याचं नाव जोझेफ, आडनाव मी विचारलं नाही. पुढे इथला लेफ्टनंट चालत होता, काठीने बर्फ चाचपत. तो नसता तर आम्ही सगळे नदीखाली असतो. अहवालात त्याच्या जागी मी “मी” लिहिलं. आईला सांगू नकोस.'

म्हणजे कप्तानसाहेब नऊ दिवसांतले आठ दिवस सामानासारखे ओढून आणले गेले होते. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण ऐकलेले असतात, हे घसरगाडीवरून. लेफ्टनंट तिथला, त्यामुळे पदकाच्या यादीत त्याचं नाव असायचं कारणच नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्याचा उद्धार केला. माझ्या आदल्या मसुद्यात मी याच नागोबाला बर्फातून पायी चालवलं होतं, याची लाज मी त्या आवाजाखाली दाबून टाकली.

काउंट आले. वहीकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. म्हणाले, कुटुंबाने ज्या ओळी खोडल्या त्या आता पत्राचा भाग नाहीत, तुमचा पहिला मसुदा छापा. कोह माझ्याकडे बघायला लागले. मी सांगितलं की पहिला मसुदा चुकला होता, चूक माझी, आणि त्याखाली मी सही करणार नाही. मूळ कागदात आहे ते तरी छापा, नाहीतर सातवं पत्र वगळा. काउंटनी मला भाषांतरकाराचं स्थान काय असतं ते सांगितलं. मी त्यांना कप्तानाचं स्थान कुठे होतं ते सांगितलं. शेवटी पत्र वगळलं गेलं. पुस्तकात सहाव्यानंतर आठवं पत्र आहे, आणि मुखपृष्ठावर कप्तान आहे तसा बर्फातून चालतोच आहे. पण त्याखाली माझी सही नाही. घरी जाताना एमआरटीत मी आयरीनला म्हटलं, खोट्याखाली मी मेले तरी सही करणार नाही. ती जागा मिळाली म्हणून खूश होती, मान डोलावून झोपली.

या गोष्टीला महिना झाला असेल. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, संपत आला होता. बाहेरून आलेल्या माणसाला नोकरी द्यायची तर हे काम इथल्या माणसाला का जमत नाही, असं सरकार त्या वर्षांत खोदून विचारायला लागलं होतं. ओळखीच्या दोन घरांत नूतनीकरण नाकारलं होतं. पास गेला की महिनाभरात देश सोडायचा. सईचा पास माझ्या पासावर लागलेला, तिची परीक्षा नोव्हेंबरात, नवरा समुद्रावर. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नव्हतं.

मिस्टर कोह म्हणाले, अर्धं पान लिहून द्या, इथे कोणाला जमणार नाही असं तुम्ही काय करता. दाखल्यांनी भागणार नाही, ते कोणीही करेल. त्या कप्तानाचं पत्र घाला.

मी बसले आणि लिहिलं. जुन्या फ्रेंच हस्ताक्षराबद्दल लिहिलं, शाईबद्दल लिहिलं, मागून प्रकाश धरून वाचायच्या पद्धतीबद्दल तर फारच चांगलं लिहिलं. 'खोडलेला मजकूर मी उलगडला.' आणि शेवटी, 'या कार्यालयात हे काम माझ्याशिवाय कोणालाही करता येत नाही.' खाली सही. वाक्य चांगलं जमलं असं वाटलं.

बाहेर जाणारा कागद, म्हणून तो आयरीनकडे गेला.

प्रूफं तपासणाऱ्यांचा एक नियम असतो. शुद्धलेखन, विरामचिन्हं, हे ते स्वतः दुरुस्त करतात, शाईने. पण मजकुराला हात लावत नाहीत. एखादी गोष्ट खरी वाटली नाही तर समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह करतात आणि कागद लिहिणाऱ्याकडे परत पाठवतात. तो ठरवतो. वाक्य तसंच ठेवायचं असेल तर त्याखाली टिंबं द्यायची, की राहू दे.

माझा कागद दुपारी परत आला. दोन स्वल्पविराम लाल शाईने घातले होते, एका शब्दाचं स्पेलिंग नीट केलं होतं. आणि शेवटच्या वाक्याशेजारी पेन्सिलने एक लहान प्रश्नचिन्ह होतं. आयरीन शेजारच्याच टेबलावर बसली होती, कुठल्याशा लायसन्सवर मान घालून. मी पाच मिनिटं त्या चिन्हाकडे बघत बसले. मग वाक्याखाली टिंबं दिली आणि कागद तिच्या ट्रेमध्ये ठेवला. तिने खोडरबर घेतलं, प्रश्नचिन्ह पुसलं, कोपऱ्यात आपली आद्याक्षरं घातली आणि कागद कोहच्या खोलीत नेऊन दिला.

पासचं नूतनीकरण झालं. सईची परीक्षा झाली. त्या दिवसांत मी घरी जायला आयरीनच्या आधीची गाडी धरत होते.

पुढच्या वसंतात, म्हणजे चिनी नववर्षानंतर, आयरीन बासष्ट वर्षांची झाली. तिथे बासष्टीनंतर मालकाने होता होईतो त्याच माणसाला पुढे काम द्यायचं असतं. जमतच नसेल तर तसं कारण दाखवून एकदाच काही रक्कम द्यायची आणि मोकळं व्हायचं. आयरीनला काम हवं होतं. पैशासाठी असेल, पण मुख्य म्हणजे घरी बसून मी काय वाचू, असं ती म्हणायची. कोहनी मला विचारलं नाही, उगाच का खोटं बोलू. त्यांनी फाइल काढली. वाचायचं कठीण काम विदुला, म्हणजे मी, करते, हे फाइलमध्ये लिहिलेलंच होतं, माझ्या सहीनिशी. बाकी स्पेलिंगला आता सॉफ्टवेअर होतं. तिच्याजोगं काम उरलेलं नाही, असं कारण पडलं. शुक्रवारी दुपारी केक आणला. कोहनी छोटं भाषण केलं, मीही चार शब्द बोलले, आणि चांगलं बोलले. चौकटीची वही तिने नेली नाही. ती माझ्या कपाटात होती, माझ्या कामाचा पुरावा म्हणून.

मी तेव्हाही कोहच्या खोलीत जाऊ शकले असते. पास हातात आला होता, परीक्षा संपली होती. दार उघडून एक वाक्य बोलायचं होतं, की ते वाचन माझं नाही. ते मी बोलले तर मागचा कागद खोटा ठरतो, पुढच्या नूतनीकरणाचं काय, असा विचार करत मी ते आठवडे काढले. कप्तानाला मी वर्षभर येईल त्याच्यापुढे नावं ठेवली होती. त्या माणसाने निदान बहिणीला खरं लिहिलं. माझी बहीण नाशिकला असते, दर रविवारी आमचा फोन होतो, तिला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. ती आता इथे वाचेल.

वर्षभराने पाया लेबारच्या मॉलमध्ये मला आयरीन दिसली. बेकरीच्या काउंटरवर, डोक्यावर कागदी टोपी, पावाच्या पिशव्यांवर लेबलं चिकटवत होती. लेबलावर पदार्थांच्या यादीत दोन चुका होत्या, त्या तिने मला पहिल्यांदा दाखवल्या. मग सईचं काय चाललंय विचारलं. मी सांगितलं, विद्यापीठात गेली, तिथेच. ती खरंच खूश झाली.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आयरीन, त्या कागदाचं. तेव्हा सईचं शेवटचं वर्ष होतं. मला भीती वाटली होती."

"माहीत आहे, लाह," ती म्हणाली. "म्हणून तर पेन्सिलने विचारलं. शाईने विचारलं असतं तर मिस्टर कोहना दिसलं असतं."

माझ्यामागे तीन माणसं उभी होती. तिने पाव पिशवीत घातला, माझ्या हातात दिला आणि पुढच्या माणसाला काय हवं ते विचारलं.